तारेखालची बाग : नुकसान कोणाचे, भरपाई कोणाची?



आपल्याकडे वसंतातली व्याख्याने आणि विजेच्या तारांजवळच्या फांद्या तोडण्याचे काम ही दोन्ही एकाच हंगामात येतात. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी आपण विचार ऐकावयास जमतो, आणि त्याच दिवसांत सकाळी वीज बंद करून कामगारांची टोळी गल्लीत शिरते. शिडी लागते, कोयता चालतो, दुपारपर्यंत तारा मोकळ्या होतात, आणि एखाद्या घरातून ओरड उठते, "अहो, माझा चाफा तोडला!" या ओरडीचा आज आपण शांतपणे विचार करू.

मी कामगार संघटनेचा मनुष्य आहे. शाळेशी माझा संबंध सातवीलाच सुटला. झाडांविषयी जे थोडेफार कळते ते माळ्यांकडून आणि वायरमनांकडून शिकलो, आणि कायदा वाचला तो शब्दकोश जवळ घेऊन. कोणाला वाटेल, हा गृहस्थ आता कामगारांची बाजू मांडणार. मांडणारच आहे. परंतु बागवाल्याचे दुःख खोटे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. दहा वर्षे पाणी घालून वाढवलेले झाड दहा मिनिटांत जाते, तेव्हा होणारे नुकसान खरे असते. प्रश्न एवढाच की ते कोणी केले, आणि ते कोणी भरून द्यावयाचे?

प्रथम, फांदी तोडावी तरी का लागते ते पाहू. आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या बहुतेक विद्युतवाहिन्या उघड्या असतात. त्यांवर वेष्टन नसते. वाळके लाकूड वीज सहसा वाहू देत नाही, पण पावसाने भिजलेली हिरवी फांदी वाहू देते. वाऱ्याने फांदी हलली की दोन तारा एकमेकींवर आपटतात, ठिणगी पडते आणि सारी आळी अंधारात बुडते. फांदी मोडून तार खाली आली तर रस्त्यावरचे जनावर, शाळेत निघालेले मूल किंवा दुरुस्तीला गेलेला वायरमन प्राणाला मुकतो. तेव्हा मृगाच्या आधी तारा मोकळ्या करणे हे आवश्यक काम आहे. ते करूच नका, असे म्हणता येणार नाही. ते कसे करावे, एवढेच आपण म्हणू शकतो.

आता हे काम कसे होते? तारेजवळ माणूस चढवावयाचा तर प्रवाह बंद करावा लागतो. त्याला सगळे शटडाऊन म्हणतात. तो ठराविक तासांचा असतो. वेळ संपली की वीज सुरू झालीच पाहिजे, नाहीतर कार्यालयातला फोन वाजू लागतो. तेवढ्या वेळात अमुक इतके खांब मोकळे झाले पाहिजेत, असा हिशेब असतो. पुष्कळ ठिकाणी फांद्या तोडणारी माणसे वीज कंपनीची नसतात, ठेकेदाराची असतात. मुकादम खांब मोजतो, ठेकेदार खांबांचे बिल करतो, अधिकारी बिलावर सही करतो. किती झाडे नीट राखली, हे मोजण्यासाठी त्या कागदावर रकानाच नाही! ज्या कामाची मोजदाद नाही ते काम होत नाही, हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

टोळीजवळ असते काय? कोयता, कुऱ्हाड, बांबूला बांधलेली आकडी. करवत क्वचित. कोयत्याने जाड फांदी तोडली की ती अर्धी तुटते, उरलेली आपल्या वजनाने खाली येते आणि येताना खोडाची हातभर साल सोलून नेते. करवतीने हे टाळता येते. आधी बुडापासून वीतभर दूर खालच्या बाजूने थोडे कापावे, मग त्याच्या जरा पुढे वरून कापून फांदीचे वजन उतरवावे, आणि शेवटी उरलेला ठोंब काढावा. हा शेवटचा काप खोडाला घासून घ्यावयाचा नसतो. फांदीच्या बुडाशी एक फुगीर कडे असते, ते राखून त्याच्या बाहेर तो घ्यावयाचा. अमेरिकेच्या वनखात्यात संशोधन केलेल्या अॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजक्या भागाभोवती भिंती घालून त्याला आत कोंडते. ते फुगीर कडे म्हणजे ही भिंत बांधण्याची जागा. ते तोडले की कूज खोडात शिरते, आणि आज वाचलेले झाड काही वर्षांनी वादळात त्याच तारेवर पडते.

सर्व झाडांचे नुकसान सारखेही नसते. केळ बुंध्यापासून कापली तरी कंदातून नवी पिले येतात. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येते, म्हणून छाटणी त्याला हवीच असते. ऐन बहरात छाटला तर त्या उन्हाळ्याची फुले जातात, झुडूप राहते. आंब्याचा मोहर पक्व झालेल्या शेंड्यांवर येतो. मे महिन्यात सगळे शेंडे मारले तर पुढच्या वर्षाच्या फळांची आशा बहुतेक सोडावी लागते. नारळ, सुपारी यांना वाढीचा कोंब एकच, तो शेंड्यात. झावळ्या काढल्या तर चालते, पण शेंडा कापला की झाड संपले; खालचे खोड मग नुसता खांब होऊन उभे राहते. आणि कलमाची गोष्ट सर्वांत फसवी. कलमी आंबा काय, डोळा भरलेला गुलाब काय, खाली एक जात असते आणि वर दुसरी. जोडाच्या खाली काप बसला तर फूट जोमाने येते, घरधनी सुखावतो, आणि पुढे कळते की वाढले ते रायवळ, वाढला तो रानगुलाब. झाड जगले, पण ज्यासाठी लावले होते ते गेले.

तारा जमिनीखाली घातल्या म्हणजे संकट टळते, असेही नाही. मग चर येतो. विजेची केबल, पाण्याचा नळ, गॅसची वाहिनी, इंटरनेटची तार या साऱ्यांसाठी कुंपणाला लागून जेसीबी चालतो. झाडाच्या अन्नपाणी शोषणाऱ्या बहुतेक मुळ्या वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. खोडाच्या एका अंगाने चर गेला की त्या बाजूच्या मुळ्या तुटतात. वर लगेच काही दिसत नाही. पुढच्या उन्हाळ्यात एक बाजू वाळते, आणि तोवर चर बुजवणारे लोक भलत्याच गावी गेलेले असतात. मुळ्यांपाशी हाताने खणावे, जाड मुळी आली तर तिच्याखालून नळ न्यावा, एवढे केले तरी पुष्कळ वाचते.

काही वर्षांपूर्वी एका वसाहतीत असाच एक तंटा माझ्यापुढे आला. एका बाईंच्या कुंपणाशी अकरा वर्षांचे सोनचाफ्याचे कलम होते. शेजारच्या घराला जाणाऱ्या तारेला त्याचा शेंडा लागत होता. टोळीने शेंडा न काढता झाड कमरेएवढे ठेवून वरचे सगळे उतरवले. बाई रडल्या, शेजारी जमले. मुकादमाने तोड काढली की कोयता चालवणाऱ्या मुलाची दोन दिवसांची हजेरी कापून पैसे बाईंना द्यावेत. मुलगा बावीस वर्षांचा, मराठवाड्यातून आलेला. तो म्हणाला, "मावशी, दोन तासांचा शटडाऊन, बावीस खांब. दार वाजवा म्हणून आम्हाला कुणी सांगितलंच नाही." त्यावर बाई म्हणाल्या, "मला याची हजेरी नको. झाडाला हात लावण्याआधी दार वाजवायचं होतं, एवढंच."

त्या दोघांना जे कळले ते कार्यालयाला कळावयास सात महिने लागले. कार्यालय म्हणे ठेकेदाराकडे जा. ठेकेदार म्हणे मी सांगितलेले काम केले. अर्जांवर अर्ज झाल्यावर थोडी रक्कम मिळाली, ती नव्या रोपाच्या किमतीएवढी. अकरा वर्षांची नव्हे. मुलाची हजेरी मात्र आम्ही कापू दिली नाही. ज्याने वेळ ठरवली नाही, हत्यार निवडले नाही, काय तोडावे हेही ठरवले नाही, त्याने भरपाई द्यावी, हा कोणता न्याय?

कायदाही हेच सांगतो. २००३ च्या वीज कायद्याचे ६७ वे कलम असे आहे की वाहिनी टाकण्यासारखी कामे करताना परवानाधारकाने शक्य तितके कमी नुकसान आणि कमी गैरसोय करावी, आणि जे नुकसान त्याच्याकडून किंवा त्याने कामावर लावलेल्या कोणाकडून होईल त्याची पूर्ण भरपाई द्यावी. "त्याने कामावर लावलेल्या कोणाकडूनही" हे शब्द ध्यानात ठेवावेत. ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटण्याची वाट तेथे बंद होते. भरपाईवर वाद झाला तर तो वीज नियामक आयोगाने सोडवावयाचा आहे. हे तत्त्व नवे नाही. १८८५ च्या तार कायद्यातही कमीत कमी नुकसान आणि पूर्ण भरपाई यांचीच अट होती.

६८ वे कलम खास झाडांविषयी आहे. तारेला अडथळा करणारे झाड काढावयाचे तर परवानाधारकाने कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि झाड तारेच्या आधीपासून उभे असेल तर त्या अधिकाऱ्याने वाजवी भरपाई ठरवून द्यावी, असे त्यात आहे. शिवाय झाड या शब्दात झुडूप, कुंपणाची वई आणि इतर वनस्पती यांचाही समावेश केलेला आहे. म्हणजे मोगऱ्याची जाळीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने झाडच! परंतु यातला दुसरा अर्थही आपण प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. तार आधीची आणि झाड नंतरचे असेल, तर या कलमाखाली भरपाईचा हक्क उभा राहत नाही. शहरांसाठी १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा वेगळा आहे. त्याखाली झाड आपल्या आवारातले असले, तरी ते तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

तेव्हा आपण करावे काय? तार असेल तेथे नारळ, आंबा लावू नये. आठ मीटरच्या खांबाचा सहावा भाग जमिनीत गाडलेला असतो. तार राहते साडेसहा मीटरांवर, आणि नारळ तिच्या दुप्पट-तिप्पट जातो. तेथे जास्वंद, तगर, अबोली, मोगरा, डाळिंब, लिंबू खुशाल लावावे. उंच झाड आधीचेच असेल तर त्याची हलकी छाटणी कंपनीला कळवून, तिचा माणूस हजर असताना आणि प्रवाह बंद असताना, माळ्याकडून वेळीच करवून घ्यावी. स्वतः आकडी घेऊन तारेजवळ मुळीच जाऊ नये. झाड कोणत्या वर्षी लावले त्याची नोंद आणि एखादे छायाचित्र जपून ठेवावे. 'आधी कोण' या प्रश्नाला तोच पुरावा. कलमाच्या जोडाला रंगीत चिंधी बांधावी. नुकसान झालेच तर त्याच दिवशी तारखेसह लेखी तक्रार कंपनीकडे द्यावी, पोच घ्यावी, आणि शिडीवरच्या माणसाला शिव्या देऊ नयेत.

आणि कंपनीकडे आपण सर्वांनी मिळून मागावे ते असे. चार दिवस आधी गल्लीत सूचना लावावी. टोळीला करवत द्यावी, आणि एक दिवस माळ्याकडून काप शिकवावा. बिलात खांबांबरोबर दारे वाजवल्याचाही रकाना असावा. या मागण्यांना खर्च फार नाही. त्या वसाहतीत पुढच्या वर्षापासून सूचना लागू लागली. ती लावण्यासाठी सह्या गोळा केल्या त्या बागवाल्यांनी आणि कामगारांनी मिळून. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या दोघांना एकमेकांशी भांडत ठेवले की तिसऱ्याला खर्च करावा लागत नाही. कोयता धरणाऱ्यालाही घर असते, आणि बहुधा त्याच्या गावाकडच्या अंगणातही एखादे झाड असते. त्याला विचारून पाहा, आपल्या झाडाविषयी तो पुष्कळ बोलेल.