चोंदलेल्या पडद्यावर ध्वनीचा उतारा

फर्मेंटर चालू ठेवून तयार माल सतत बाहेर काढायचा आणि पेशी आतच ठेवायच्या, तर वाटेत मेंब्रेनचा पडदा लागतो. त्याची छिद्रे मायक्रॉनच्या काही दशांशांची, यीस्टची पेशी सुमारे पाच मायक्रॉनची. त्यामुळे पेशी पलीकडे जात नाही. पण ती मागेही फिरत नाही, तिथेच चिकटते. वर प्रथिनांचा, शर्करांचा बुळबुळीत थर चढतो. दाब वाढवावा, तर थर आणखी घट्ट बसतो. बॅकवॉशने, म्हणजे उलट्या प्रवाहाने धुऊन, काही वेळ निभावते. पुढचा इलाज कॉस्टिक सोड्याचा, आणि चालू बॅचमध्ये कॉस्टिक सोडणार कोण?

म्हणून अल्ट्रासाऊंड. 20 ते 40 किलोहर्ट्झच्या ध्वनीने द्रवातला दाब सारखा चढतो-उतरतो. उतरताना सूक्ष्म बुडबुडे फुगतात आणि चढताना कोसळतात. हेच कॅव्हिटेशन. कोसळत्या बुडबुड्याचे गणित लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये मांडले, तेव्हा प्रश्न जहाजांच्या पंख्यांना पडणाऱ्या खड्ड्यांचा होता. पृष्ठभागाजवळचा बुडबुडा कोसळताना त्या पृष्ठभागावर द्रवाची बारीक धार मारतो. पोलादाला खाणारी ही धार पडद्यावरचा थर सहज उखडते. उखडलेला गाळ वाहून न्यायला मात्र पडद्याला समांतर प्रवाह हवाच. नाहीतर तो पुन्हा तिथेच बसतो.

अडचण अशी, की थर ज्यांचा बनला त्या पेशी जिवंत राहायला हव्यात. माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत (आयसीटी) अनिरुद्ध पंडित आणि सहकाऱ्यांनी यीस्ट फोडून आतली एन्झाइम मिळवण्यासाठी कॅव्हिटेशनच वापरले. तिथे जे यश, ते इथे नुकसान. शिवाय ध्वनीची ऊर्जा अखेर उष्णता होते आणि फर्मेंटरला ती सोसत नाही. पॉलिमरचा पडदा या माऱ्याने झिजूही शकतो. सिरॅमिक जास्त टिकाऊ, पण महाग. तेव्हा ध्वनी अखंड न देता थोड्या थोड्या वेळाने, क्षणभर द्यायचा, आणि तोही मुख्य टाकीत नाही, बाहेरच्या गाळणीच्या वळशात.

सस्तन प्राण्यांच्या पेशींना कठीण भित्ती नसते, त्यांना एवढेही झेपत नाही. त्यांच्यासाठी ध्वनीचा दुसराच उपयोग होतो. दोनेक मेगाहर्ट्झच्या स्थिर लहरीत पेशी ठरावीक पातळ्यांवर गोळा होतात, त्यांचे पुंजके बनतात आणि खाली बसतात. निवळलेला द्रव वरून निघतो. पडदाच नाही, तर चोंदणार काय? अशी उपकरणे पर्फ्यूजन कल्चरसाठी, म्हणजे पेशी आत ठेवून द्रव सतत बदलणाऱ्या पद्धतीसाठी, बाजारात आहेत.

माझ्या मते यीस्ट आणि सिरॅमिक पडदा अशी जोडी असेल, तरच किलोहर्ट्झच्या वाटेला जावे. नाजूक पेशींसाठी पडदा धुण्यापेक्षा तो काढूनच टाकलेला बरा.