माथा सोडून पायथ्याची सफाई

स्थिर पाण्यात बारीक वाळूचा, म्हणजे 0.1 मिलिमीटरचा कण एक मीटर खाली बसायला सुमारे दोन मिनिटे घेतो. त्याच्या दहापट बारीक पोयट्याच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी तीन तास लागतात. त्याहून दहापट बारीक, एका मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला मात्र जवळजवळ 13 दिवस. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी 1851 साली मांडलेल्या नियमाचे हे साधे गणित आहे: कणाचा व्यास निम्मा झाला की खाली बसण्याचा वेग चौथाईवर येतो. बांधकामाच्या साइटवर पावसाळ्यात पायाच्या खड्ड्यातून पंपाने उपसलेले तांबूस किंवा काळपट पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडले जाते, त्या पाण्याचे भवितव्य या गणिताने आधीच ठरवलेले असते. गाळ बसवण्यासाठी साइटवर टाकी बांधली, तरी पाणी तिच्यात फार तर काही तास थांबते. वाळू तळाशी बसते, पोयटा थोडाफार बसतो आणि चिकणमाती जशीच्या तशी पुढे जाते. म्हणून माती पाण्यात मिसळल्यावर तिला पकडण्यापेक्षा ती जागेवरून सुटूच न देणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. आपल्या बांधकाम व्यवसायाच्या बोलीत मात्र या पहिल्या टप्प्यासाठी शब्दच नाही. आहेत ते शब्द शेवटच्या टप्प्याचे: पाणी उपसणे, गाळ काढणे, नालेसफाई.

धूप आणि गाळ हे दोन शब्द शेतकरी वेगळे वापरतो आणि त्या वेगळेपणात सगळे शास्त्र आहे. धूप म्हणजे माती जागेवरून सुटणे. गाळ म्हणजे सुटलेली माती दुसरीकडे जाऊन बसणे. पहिल्या क्रियेची सुरुवात वाहत्या पाण्याने नव्हे, पडत्या थेंबाने होते. पाच मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने आदळतो. उघड्या जमिनीवर त्या आघाताने ढेकळे फुटतात, कण उडतात आणि उडालेले बारीक कण मातीच्या छिद्रांत बसून वरचा थर लिंपून टाकतात. मग पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते. आधी पातळ पसरट थर वाहतो आणि जमिनीची साल काढून नेतो; कृषी खात्याच्या भाषेत ही सालकाढी धूप. मग पाणी एकवटून बोटभर खोल रेघा पाडते, ती ओघळपाडी. त्याही रोखल्या नाहीत तर घळपाडी. हे तीन टप्पे नव्या भरावाच्या कडेला जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोणालाही दिसतील. सालकाढी सगळ्यात फसवी, कारण डोळ्यांना खड्डा दिसत नाही. एक हेक्टर जागेवरून फक्त एक मिलिमीटर थर गेला तरी दहा घनमीटर माती जाते, म्हणजे एक मोठा डंपर भरून.

शेतीच्या तुलनेत बांधकामाची जागा ती केवढी, हा आक्षेप स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर अमेरिकेतील मेरीलँड राज्यातून मिळाले. एम. गॉर्डन वोलमन आणि आशर शिक यांनी 1967 मध्ये तिथल्या वाढत्या उपनगरांतील नद्यांच्या गाळाचा हिशेब मांडला. बांधकामाआधी दर चौरस मैलामागे वर्षाला काही शे टन गाळ येत असे. छोट्या, पूर्ण उघड्या पडलेल्या बांधकामाच्या जागांवर तो आकडा एक लाख टनांच्याही पलीकडे गेला होता. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही सांगते की बांधकामाच्या जागेवरून येणारा गाळ शेतजमिनीच्या दहा ते वीसपट आणि जंगलाच्या एक ते दोन हजारपट असतो. कारण समजायला अवघड नाही. शेतात निदान पीक उभे असते, बांध असतो, मुळे असतात. साइटवर झाडोरा काढलेला, वरची माती खरवडलेली, जेसीबीने सैल केलेली आणि डंपरच्या चाकांनी चाकोऱ्या पाडलेली जमीन असते. क्षेत्र लहान, पण दर एकरी नुकसान प्रचंड. आणि शहरात ती माती ओढ्यात पसरायच्या आत पर्जन्य जलवाहिनीत शिरते. गोल वाहिनी निम्म्या उंचीपर्यंत गाळाने भरली, तर तिची क्षमता निम्मी उरते असे वाटेल; पण पाण्याला घासत जायला कडा तुलनेने जास्त उरतात, म्हणून प्रत्यक्षात ती सुमारे 36 टक्क्यांवर येते. मुंबईच्या 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने पर्जन्य जलवाहिन्यांची क्षमता ताशी 25 वरून 50 मिलिमीटर पावसापर्यंत वाढवायला सांगितले. ताशी 50 मिलिमीटरसाठी आखलेली गोल वाहिनी गाळाने अर्धी भरली, की ती 18 मिलिमीटरची होते.

आता शेताकडचा शब्दसाठा पाहू. मुंबई प्रांतात 1942 साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, तेव्हापासून बांधबंदिस्ती हा शब्द गावोगाव पोहोचला. पुढे पाणलोट विकासाने त्यात भर घातली: सलग समतल चर, अनघड दगडी बांध, वळवणी चर, सांडवा, आच्छादन, वाळ्याची रांग. हे शब्द नुसती नावे नाहीत. प्रत्येकात एक मोजता येणारी कृती आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या विशमायर आणि स्मिथ यांनी धुपेचे जे सूत्र 1965 मध्ये प्रसिद्ध केले आणि 1978 मध्ये सुधारले, त्यात पावसाचा जोर, मातीचा स्वभाव, उताराची लांबी व तीव्रता, जमिनीवरचे आच्छादन आणि केलेले उपाय यांचा गुणाकार आहे. पाऊस आणि माती आपल्या हातात नाहीत, बाकीचे आहेत. या सूत्राप्रमाणे मध्यम ते तीव्र उतारावर एकसंध उताराची लांबी चौथाईवर आणली, तर दर एकरी धूप साधारण निम्मी होते. समतल चर खोदणारा मजूर नेमके हेच करत असतो: लांब उताराचे तुकडे पाडतो, म्हणजे पाण्याला वेग घ्यायला धाव मिळत नाही. वेग दुप्पट झाला तर पाण्याची ऊर्जा चौपट होते, एवढे लक्षात घेतले की चराची किंमत कळते. आच्छादनाचा परिणाम तर सगळ्यात मोठा. सौम्य उतारावर पेंढ्याचा नीट पसरलेला थर धूप दहा टक्क्यांच्या आसपास आणून ठेवतो, कारण थेंबाचा मार पेंढा सोसतो. वळवणी चर वरच्या अंगाचे स्वच्छ पाणी साइटच्या बाहेरून फिरवून नेतो. ओघळीतला दगडी बांध मधे खोलगट ठेवायचा असतो, नाहीतर पाणी कडेने माती कापत जाते. सांडव्याचे तत्त्व तेच. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला आला, म्हणजे मधला उतार सपाट झाल्यासारखा होतो. या सगळ्यामागे पाणलोटाच्या कामाचा एक नियम आहे: माथा ते पायथा. काम वरून सुरू करायचे, नाल्यापाशी संपवायचे. शहरात आपण पायथ्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

गाळ अडवण्याच्या साधनांना मी कमी लेखत नाही. खुंटांना ताणून खालची कड जमिनीत पुरलेले कापडी कुंपण उताराच्या तळाशी उपयोगी असते. पण ते चाळणीसारखे गाळते हा समज चुकीचा आहे. ते पाणी मागे तुंबवते आणि तुंबलेल्या पाण्यात जड कण बसतात, म्हणजे पुन्हा स्टोक्सचा नियम. ते पसरट प्रवाहासाठी आहे. ओघळीच्या तोंडावर आडवे बांधले तर पहिल्याच सरीत उखडते. गाळाच्या टाकीत तुरटी टाकली तर बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि बसतात. घरोघरी गढूळ पाणी याच युक्तीने निवळले जात असे. निसर्ग हीच गोष्ट खाडीच्या तोंडाशी मिठाने करतो. गोड्या पाण्यात तरंगत आलेली चिकणमाती खारे पाणी लागताच गुठळ्या धरते आणि तिथेच बसते. मुंबईचे नाले खाड्यांना मिळतात, भरतीला पाणी आधीच थबकलेले असते, आणि नेमक्या त्याच जागी गाळ साचतो. वरच्या साइटवरून सुटलेला कण जिथून काढणे सर्वात कठीण, तिथे जाऊन स्थिरावतो.

दख्खनमध्ये खाली काळा पाषाण आहे, धुपायला माती कुठे आहे, असेही म्हटले जाते. पाषाण आहे खरा, पण त्यावर मुरूम आहे आणि कित्येक ठिकाणी बेसाल्ट कुजून झालेली काळी माती आहे. या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण बहुधा चाळीस ते साठ टक्के असते, म्हणजे तेरा दिवस तरंगणाऱ्या कणांचाच तो साठा. शिवाय भरावासाठी बाहेरून आणलेला मुरूम आणि राडारोड्याचे ढीग यांना खालच्या पाषाणाचा काहीच आधार नसतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या डोंगरांचे कटिंग उघडे पडते, तिथे प्रश्न आणखी तीव्र. अशा उतारावर वाळा लावता येतो; त्याची मुळे तीन-चार मीटर खोल जातात आणि माती शिवून ठेवतात. हा उपाय परका नाही, महागही नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप पावसाचा आहे. सांताक्रूझला 26 जुलै 2005 रोजी चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी पेंढा काय आणि कापडी कुंपण काय? मान्य आहे, त्या दिवसासाठी ही साधने नाहीत. पण वाहिन्या एका दिवसात भरत नाहीत, त्या साध्या सरींनी हंगामभर भरत जातात आणि मोठ्या दिवशी त्याचा हिशेब होतो. उलट आपल्या पावसात एक सोय आहे जी मेरीलँडला नाही. तिथे पाऊस बारा महिने विखुरलेला असतो, आपल्याकडे तो कधी येणार हे महिनाभराच्या फरकाने ठाऊक असते. खोदाई आणि भराव दिवाळीनंतर उरकायचे, मेच्या मध्यापर्यंत उघडी माती झाकायची, चर आणि सांडवे तयार ठेवायचे, हे वेळापत्रक शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाळत आला आहे. साइट तात्पुरती असते म्हणून खर्च कशाला, या म्हणण्यातही दम नाही. तात्पुरत्या जागेवरचीच माती सर्वात वेगाने जाते, हे वोलमन आणि शिक यांचे आकडे सांगतात. आणि तो गाळ काढायचा खर्च नंतर बांधणारा नव्हे, सगळे शहर भरते.

शब्दांनी माती थांबत नाही, असे कोणी म्हणेल. सरकारी बांधकामात मात्र शब्दच पैशाची वाट ठरवतो. अंदाजपत्रकात खोदाई, भराव, पाणी उपसणे या बाबी स्वतंत्र असतात, त्यांना दर असतो आणि मोजमाप पुस्तकात नोंद होऊन बिल निघते. उघड्या मातीचे तात्पुरते संरक्षण मात्र सहसा ‘अनुषंगिक कामां’त विरघळून जाते. ज्याला नाव आणि दर नाही, ते ठेकेदार पदरमोड करून का करेल? नाव मिळाले की काय होते, ते धुळीच्या बाबतीत दिसले. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई महापालिकेने धुळीसाठी नियमावली काढली. त्यानंतर पत्र्याचे उंच कुंपण, हिरवे कापड, पाण्याचे फवारे, चाके धुण्याची जागा हे शब्द मुकादमाच्याही तोंडी आले. तीच माती हवेत उडाली तर धूळ म्हणून दंडास पात्र होते. पाण्यातून गेली तर नालेसफाईच्या खात्यावर जमा होते. केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे 20,000 चौरस मीटर आणि त्यापुढच्या इमारतींना पर्यावरण मंजुरी लागते आणि खोदलेली वरची माती साठवून ठेवण्याची अट त्यात बहुधा असते. त्याखालच्या असंख्य साइट या चौकटीबाहेर राहतात. अमेरिकेत बांधकामाच्या जागांना लागणाऱ्या परवान्यात काम 14 दिवस किंवा अधिक थांबणार असेल, तर उघडी जमीन स्थिर करायला लगेच सुरुवात करावी लागते. हा नियम एक एकर आणि त्याहून मोठ्या साइटना लागू आहे.

महापालिकांच्या अभियंत्यांना आणि निविदा लिहिणाऱ्यांना विनंती आहे की येत्या पावसाळ्याआधीच्या अंदाजपत्रकांत चार बाबी स्वतंत्र दराने घालाव्यात: वरच्या अंगाला वळवणी चर, उतारावर समतल चर, उघड्या मातीवर आच्छादन, ओघळीत दगडी बांध. त्यांची मोजमापे मेअखेरीस, पहिली सर पडण्याआधी घ्यावीत.