जुनी गाडी तोडण्यापूर्वी तिला ओळखा

तळेगाव (श्यामजी पंत) च्या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभे राहिले की सगळा नागपूर-अमरावती रस्ता डोळ्यांपुढून जातो. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6, आता 53. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि घाईच्या गाड्यांना तो मार्ग मिळाला. तिकडे दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी आहे. जुना रस्ता मात्र सर्वांचा आहे. त्यामुळे नव्या गाड्यांच्या रांगेत अधूनमधून एखादी ॲम्बेसेडर, एखादी फियाट, कापडी छताची एखादी जीप अजूनही दिसते. लोक क्षणभर हसून पाहतात आणि विसरतात. आपल्या गॅरेजवाल्या, वेल्डर, पेंटर आणि भंगाराच्या धंद्यातील बांधवांनी मात्र ती विसरू नये, यासाठी हा लेख.

मागे याच रस्त्यालगत एका भंगाराच्या दुकानापुढे आम्ही एक फियाट पाहिली. तिचे छत गॅसने कापून झाले होते, इंजिन कालच वेगळे विकले गेले होते. दार मात्र शाबूत होते आणि त्याची बिजागरी मागच्या बाजूला होती, म्हणजे ते उलटे उघडणारे दार. आम्ही दुकानदाराला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मालक वारले, बाईंना अंगण मोकळे हवे होते. वजनावर घेतली. आपल्या चाकांवर चालत आली होती." त्याने कोणाला फसवले नव्हते. आपण काय कापतो आहोत हेच त्याला ठाऊक नव्हते. विकणारीचे नुकसान झाले, घेणाऱ्याचेही झाले, आणि ती गाडी तर गेलीच.

आताच का लक्ष द्यायचे?

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये 'विंटेज' वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी मोटार यात बसते. मात्र ती मूळ रूपात असावी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. वाहन धंद्याचे नसून खाजगी वापराचे असले पाहिजे.

आता हिशेब करून पाहा. 1975 पूर्वी नोंदलेली गाडी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. प्रीमियर पद्मिनी हे नाव 1974 पासूनचे, म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी नुकत्याच या रांगेत आल्या. काल जी 'खटारा' होती ती आज नियमाने विंटेज ठरू शकते, आणि येत्या दहा वर्षांत अशा अनेक गाड्या या रेषेपाशी येतील. नेमक्या याच वेळी मालकांची मुले घर साफ करायला काढतात. म्हणून कापण्याची घाई करण्याचा हा काळ नव्हे.

नजर कशी तयार करावी?

फियाट : मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाईल्सने या गाड्या बांधल्या. वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी 1944 मध्ये काढली. 1950 च्या दशकातील गोल पाठीची, पुढची दारे उलटी उघडणारी ती 'डुक्कर फियाट'. 1964 ची डिलाइट थोडी चौकोनी झाली, मागच्या मडगार्डला टोक आले, दारे सरळ उघडू लागली. तीच पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. मुंबईतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली.

ॲम्बेसेडर : बंगालमधील उत्तरपाडा येथे 1957 पासून मे 2014 पर्यंत ही गाडी निघाली. तिचा सांगाडा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. वर्षानुवर्षे अंग तेच राहिले, म्हणून वय ओळखायला पुढची जाळी पाहावी. मार्क टू, मार्क थ्री आणि मार्क फोर यांच्या जाळ्या वेगवेगळ्या आहेत. ॲम्बेसेडरच्या आधीची लँडमास्टर 1954 ची. ती दिसली तर थांबलेच पाहिजे.

स्टँडर्ड हेराल्ड : मद्रासच्या कारखान्यातील, 1961 ते 1971. खूण सोपी आहे. बॉनेट आणि पुढची मडगार्डे मिळून एकच तुकडा पुढे उलटतो आणि सगळे इंजिन उघडे पडते.

जीप : पुढच्या पत्र्यातील उभ्या फटी मोजा. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी विलीजला नऊ, नागरी विलीजला सात. भारतात विलीज जीप बांधणाऱ्या कंपनीचे मूळ नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. 1945 मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी लोखंडाच्या व्यापारासाठी ती काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव बदलले.

दुचाकींकडेही लक्ष असू द्या. म्हैसूरच्या कारखान्यात 1961 पासून जावा आणि पुढे येझ्दी निघाली. तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला. बजाज टेम्पोची जुनी तीनचाकी पाहायला सुरेख असते आणि तिच्या नावावरूनच आपण प्रत्येक छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणतो. पण तीनचाकीला वरील नियम लागू नाही, हे ध्यानात ठेवावे.

नंबर काय सांगतो?

या फाट्यावर एमएच 32 म्हणजे वर्धा, 27 म्हणजे अमरावती आणि 31 म्हणजे नागपूर असे नंबर रोज दिसतात. ही पद्धत 1988 च्या मोटार वाहन कायद्याबरोबर आली आणि तो कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या नंबरात तीन अक्षरे आणि पुढे आकडे असत, मध्ये जिल्ह्याचा अंक नसे. मुंबईच्या जुन्या गाड्यांवर 'बीएम' ने सुरू होणारी अक्षरे असत. असा नंबर दिसला की गाडी 1989 च्या आधीची, असा अंदाज करावा. पण तो अंदाजच. पाटी कोणीही बदलू शकतो, आणि जुन्या गाडीला पुढे नवा नंबरही मिळालेला असू शकतो.

खरी साक्ष बॉनेटखाली आहे. आतल्या पत्र्यावर कंपनीची पट्टी असते. तिच्यावरील चेसिस नंबर, चेसिसवर ठोकलेला नंबर आणि आरसी पुस्तकातील नंबर हे तिन्ही जुळले पाहिजेत. इंजिन नंबरही तपासावा. आपल्या भागात जीप आणि ॲम्बेसेडरमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची जुनी सवय आहे. त्याने तेल वाचले, पण मूळपणा गेला. पत्रा तपासायला खिशात छोटे लोहचुंबक ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे असे समजा.

कायद्याची बाजू

विंटेज म्हणून नव्याने नोंदणीची फी 20,000 रुपये आहे आणि पुनर्नोंदणीची 5,000 रुपये. नोंदणी दहा वर्षांसाठी असते. नव्या नोंदणीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असा नंबर मिळतो. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि तेल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा भाड्याने लावायला परवानगी नाही. म्हणून 'वरातीला लावून पैसे सुटतील' असे सांगून कोणाला गाडी विकू नका.

कागदाशिवाय सौदा करू नये हे वेगळे सांगायला नको. मेरठच्या सोतीगंज बाजारावर चोरीच्या गाड्यांचे भाग विकल्याचे आरोप झाले आणि डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद केला. सचोटीने धंदा करणाऱ्यांचीही शटरे त्यात खाली आली. आरसीची प्रत, विकणाऱ्याची ओळख आणि सहीची पावती ही तीन कागदे दुकानात असली की झोप शांत लागते.

आपण काय करावे?

एक साधी वही ठेवा. रस्त्यात जुनी गाडी दिसली की तारीख, ठिकाण, बनावट आणि अवस्था लिहा. मालक भेटला तर आधी सलाम-नमस्कार, मग चौकशी. विचारल्याशिवाय हात लावू नये, फोटो काढू नये आणि पहिल्याच भेटीत भाव बोलू नये. गाडी विकायची नसेल तरी दुरुस्तीचे काम तुमच्याकडे येईल. जुन्या गाडीला पत्रा ठोकणारा, सीट शिवणारा, लेथवर बुश कातणारा, पितळ आणि निकेल चमकवणारा असे सगळे कारागीर लागतात. हे हात आपल्याच मोहल्ल्यांत आहेत. उस्ताद थकण्यापूर्वी शागीर्दाने ते काम शिकून घ्यावे.

आणि कोणी विधवा किंवा वृद्ध मालक 'घेऊन जा, अंगण मोकळे करा' म्हणाला, तर काट्यावर चढवण्याआधी गाडी काय आहे ते त्याला सांगा. मालाचा ऐब लपवणे जसे चुकीचे, तसेच समोरच्याला ठाऊक नसलेली किंमत लपवणेही. खरे सांगून मिळालेला नफा कदाचित थोडा असेल, पण पुढची गाडी तोच मालक तुमच्याकडे पाठवील. त्या फियाटचे दार अजूनही त्या दुकानाच्या भिंतीला टेकून उभे आहे. दार आहे, गाडी नाही. पुढच्या गाडीचे असे होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.