भोवऱ्याच्या काठावरची हिरवळ

नैर्ऋत्य मोसमी वारे जोर धरतात, तेव्हा सोमालियाच्या किनाऱ्याजवळ अरबी समुद्रात एक अजस्र भोवरा तयार होतो. व्यास सुमारे ५०० किलोमीटर, नाव ‘ग्रेट व्हर्ल’.

सागरी अन्नसाखळीचा पाया म्हणजे सूक्ष्म वनस्पती प्लवकं. त्यांची पंचाईत अशी, की ऊन वरच्या थरात आणि नायट्रेटसारखी पोषकद्रव्यं खालच्या थंड पाण्यात. ही गाठ भोवरे घालून देतात. उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट फिरणारा भोवरा खालचं पाणी वर उचलतो. घड्याळाच्या दिशेने फिरणारा वरचं पाणी खाली दाबतो.

ग्रेट व्हर्ल दुसऱ्या जातीचा. तरीही उपग्रहचित्रांत त्याच्या कडेने हिरवे पट्टे दिसतात, कारण वाऱ्यामुळे किनाऱ्याशी वर आलेलं सकस पाणी तो खेचून दूरवर पसरवतो.

थंड आणि उबदार पाणी भिडतं त्या सीमारेषांवरही प्लवकं फोफावतात, मागोमाग मासे येतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था तापमान आणि हरितद्रव्याच्या उपग्रह नोंदींवरून अशा जागा हेरते आणि मच्छीमारांना कळवते.

मात्र समुद्र तापला, की वरचं हलकं पाणी झाकणासारखं बसतं आणि पोषकद्रव्यं खालीच अडकतात. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये हेच दाखवलं: पश्चिम हिंद महासागरातली प्लवकं सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटली.