वांकणारी भिंत

घरांत गॅसचा वास येतांच आपण प्रथम दारें-खिडक्या उघडतों. कोंडलेल्या वायूस वाट मिळावी, हा त्यांतील हेतु. भर समुद्रांत तेल काढण्यासाठीं जे पोलादी मंच उभारतात, त्यांच्या इंजिनियरांस हाच विचार मोठ्या प्रमाणावर करावा लागतो. तो अपुरा राहिला तर काय घडतें, हें ‘पायपर आल्फा’ मंचाच्या हकीकतीवरून वाचकांपुढें मांडावें, असें आम्हांस वाटतें.

स्कॉटलंडजवळ उत्तर समुद्रांत हा मंच १९७६ सालापासून तेल देत होता. वायूवर प्रक्रिया करणारीं यंत्रें त्यावर मागाहून बसविलीं. ६ जुलै १९८८ रोजीं एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठीं काढलेली होती. ही गोष्ट रात्रपाळीस कळली नाहीं व तोच पंप चालू करण्यांत आला. निसटलेल्या वायूचा स्फोट झाला. दालनांमधील भिंती आगीची धग अडविण्यासाठीं बांधलेल्या होत्या, स्फोटाचा धक्का सोसण्यासाठीं नव्हे. त्या फुटल्या, नळ तुटले, नियंत्रण-कक्ष निकामी झाला. १६७ माणसें प्राणांस मुकलीं.

हवेच्या नेहमींच्या दाबाहून निम्माच दाब वाढला, तरी भिंतीच्या दर चौरस मीटरवर सुमारें ५ टन भार पडतो! मात्र तो क्षणाच्या अंशापुरताच टिकतो. म्हणून भिंत अढळ करण्याचा हट्ट आतां धरीत नाहींत. पन्हळी पोलादी पत्र्याची भिंत अशी घडवितात, कीं ती वांकेल, चेपेल, पण फाटणार नाहीं. धक्क्याची शक्ति त्या वांकण्यांतच खर्ची पडते. दालनें शक्य तितकीं मोकळीं ठेवतात. पाण्याचे नळ, विजेच्या तारा व संकटकाळच्या झडपा यांचे आधारहि याच हिशेबानें करतात. आग विझविण्याचें साधनच स्फोटांत गेलें, तर उभी राहिलेली भिंत काय कामाची?

लॉर्ड कलन यांच्या चौकशी-अहवालानें १९९० सालीं १०६ शिफारशी केल्या. मंच सुरक्षित आहे हें चालविणारानें आधींच सिद्ध करावें, ही त्यांतील मुख्य.

मुंबईच्या पश्चिमेस ‘मुंबई हाय’ येथेंहि असे मंच आहेत; त्यांपैकीं एक २००५ सालीं आगींत नष्ट झाला. ज्यांच्या घरचा मुलगा तेथें कामावर असेल, त्यांनीं तो सुटीवर येईल तेव्हां एवढेंच विचारावें: “तुमच्याकडील भिंत आगीपुरतीच आहे, कीं स्फोटासाठींहि?”