परळीचे आमदार, वांद्र्याचा आदेश

परळीचे आमदार धनंजय मुंडे यांच्याविरुद्ध, त्यांची पत्नी असल्याचं सांगणाऱ्या करुणा मुंडे-शर्मा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये पत्रकार परिषद घ्यायला त्या थेट परळीत आल्या. आमदाराच्याच गावात उभं राहून बोलायला मोठी हिंमत लागते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये वांद्र्याच्या न्यायालयाने प्रथमदर्शनी हिंसाचार मान्य करत त्यांना दरमहा १ लाख २५ हजार आणि मुलीला ७५ हजार रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली. लग्न झालंच नाही, असं सांगत मुंडे यांनी आरोप नाकारले. माझगाव सत्र न्यायालयाने एप्रिलमध्ये त्यांचं अपील फेटाळलं. हा अंतिम निकाल नव्हे.

२००५ चा हा कायदा लग्नाच्या दाखल्यावर अडून बसत नाही. लग्नासारखं नातं आणि एका घरातला सहवासही त्याला चालतो. मारहाणीप्रमाणेच पैशाची कोंडी, शिवीगाळ, धमकी हाही हिंसाचारच. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो आणि विधी सेवा प्राधिकरण महिलांना वकील मोफत देतं. परळी ज्या जिल्ह्यात आहे, त्या बीडच्या बायांसाठी सर्वांत मोलाची तरतूद वेगळीच: तात्पुरतं जिथे राहता, तिथल्या न्यायालयातही दाद मागता येते. म्हणजे ऊसतोडीला गेलेली बाई कारखान्याच्या तालुक्यातच अर्ज करू शकते. महिला हेल्पलाइन: १८१.