यंत्राचेही खाते असते

शहरातल्या घराघरांत एक वाक्य वरचेवर कानावर पडते : ‘कंपनीला फोन केलाय, माणूस येईल.’ हा ‘कंपनीचा माणूस’ म्हणजे आपल्या संसारातला एक लांबचा नातेवाईकच. फ्रीज, पाणी शुद्ध करणारे यंत्र, सोसायटीची लिफ्ट, साऱ्यांची नाडी त्याच्या हाती. तो येतो, काहीतरी उघडतो, काहीतरी आवळतो, सही घेतो आणि जातो. पुढच्या खेपेला दुसराच कुणी येतो आणि विचारतो, ‘काय प्रॉब्लेम आहे?’ मग आपण सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसतो.

ही कहाणी खरे म्हणजे लिहिलेली असायला हवी. लिफ्टच्या मशीनरूममध्ये पूर्वी एक कार्ड सुतळीने टांगलेले असे. काही जुन्या इमारतींत अजूनही दिसते. तारीख, मेकॅनिकची सही आणि पुढे ‘ओके’. महिन्यामागून महिने नुसते ‘ओके, ओके’. काय तपासले, काय बदलले, कशाची शंका आली, याचा पत्ता नाही. देवळाच्या वहीत देणगीदाराने ‘यथाशक्ती’ लिहावे, तसा प्रकार.

आता कंपन्यांनी ही कार्डे संगणकात नेली आहेत. त्यामागचा विचार मला लगेच पटला, कारण माझा जन्म बँकेच्या लेजरांत गेला. बँकेत व्यवहार हजार होतात. पण प्रत्येक नोंद शेवटी कुणाच्या तरी खात्यावर पडते. तसेच इथे. ग्राहकाकडे बसवलेल्या प्रत्येक यंत्राचे एक खाते उघडायचे. त्यावर यंत्राचा क्रमांक, बसवल्याची तारीख, जागा, हमीची मुदत, देखभालीच्या वार्षिक कराराची कलमे आणि आतल्या मोठ्या भागांची यादी. तक्रार आली की कामाचा हुकूम निघतो, तो त्या खात्याला जोडला जातो. मेकॅनिक मोबाइलवर मागचा इतिहास पाहतो, केलेले काम, वापरलेला सुटा भाग आणि फोटो चढवतो. नियमित तपासणीची तारीखही संगणकच काढून देतो.

याचा फायदा कसा होतो बघा. लिफ्टच्या दाराची तक्रार तीन महिन्यांत चारदा आली. चार वेळा चार मेकॅनिक आले आणि दार ‘अॅडजस्ट’ करून गेले. सुट्या नोंदी पाहिल्या तर चारही कामे चोख. पण एका खाली एक मांडल्या की कळते, चारही वेळा दार एकाच मजल्यावर अडकले होते. म्हणजे दुखणे त्या मजल्याच्या चौकटीत आहे. वैद्य बदलला तरी रोग्याची कागदपत्रे तीच असली, की निदान चुकत नाही.

पण खातेवही संगणकात गेली म्हणजे हिशेब खरा झाला, असे नाही. आमच्या शाखेतले एटीएम एकदा पंधरवडाभर छळत होते. आम्ही तक्रार नोंदवायची, इंजिनिअरने यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचे आणि तक्रार ‘बंद’ झाल्याचा संदेश यायचा. दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा ठप्प, पुन्हा नवा क्रमांक. पंधरवड्याअखेर त्या कंपनीच्या कागदावर सहा तक्रारी मुदतीत निवारलेल्या होत्या आणि आमच्या दारात निवृत्तिवेतनधारकांची रांग होती. मोजमाप तक्रारीचे होते, यंत्राचे नव्हते. इंजिनिअरला दोष देऊन काय उपयोग? त्याची कामगिरी किती तक्रारी किती वेळात बंद केल्या यावरच ठरत असेल, तर तो तक्रारच दुरुस्त करणार, यंत्र नव्हे.

दुसरी उणीव याहून खोल आहे. ज्युलियन ऑर नावाचे एक अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती कामगारांबरोबर हिंडले. त्यावर त्यांनी १९९६ साली पुस्तक लिहिले. त्यांना आढळले, की छापील सूचनापुस्तिका अडली की ही माणसे चहाफराळाला बसल्यावर एकमेकांना किस्से सांगतात आणि त्या किश्शांतून बिघाड सापडतो. पुढे झेरॉक्सने ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. कामगारांनी आपापल्या युक्त्या लिहायच्या, जाणत्या सहकाऱ्यांनी त्या तपासायच्या आणि युक्तीखाली लिहिणाऱ्याचे नाव राहायचे. लिहिणाऱ्याला मान मिळाला, की तो ‘ओके’वर थांबत नाही. आपल्याकडच्या मोबाइलवर मात्र बहुधा तयार पर्यायांवर टिचकी मारायची असते. ‘अमुक आवाज फक्त पावसाळ्यात येतो’ हे लिहायला जागाच नसते.

हा केवळ सोयीगैरसोयीचा प्रश्न नाही. एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच पाळण्यावर उभे राहून दोर तोडायला लावला. पाळणा जरासा घसरून जागीच थांबला आणि लिफ्टवर माणसांचा विश्वास बसला. तो विश्वास आजही अशा सुरक्षायंत्रणांवरच उभा आहे. दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये म्हणून विजेचा संपर्क असतो. चाचणीसाठी मेकॅनिक कधी कधी तो तात्पुरती तार जोडून बगल देतो. ती तार काढायची राहिली, तर दार उघडे असताना लिफ्ट चालू शकते. ‘तार जोडली’, ‘तार काढली’ या दोन नोंदी म्हणजे खड्ड्यात उतरणाऱ्या पुढच्या मेकॅनिकचा आणि शाळेतून परतणाऱ्या नातवाचा जीव आहे. अशा ठिकाणी खोटी टिचकी ही खोट्या सहीसारखीच समजली पाहिजे.

मग हे खाते कुणाचे? यंत्र आपले, पैसे आपले, पण इतिहास कंपनीच्या संगणकात. सोसायटीने देखभालीचा ठेकेदार बदलला, की नव्याच्या हाती कोरी पाटी. बँकेच्या खातेदाराला आपला उतारा मागण्याचा हक्क असतो. यंत्राच्या मालकाला तो का नसावा? केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले. सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका, हमी यांची माहिती कंपन्यांनी ग्राहकापुढे ठेवावी हा त्यामागचा हेतू. आपल्या यंत्राचा सेवा-इतिहास हे त्यापुढचे पाऊल म्हणता येईल.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर सोसायटीच्या चिटणीसांना एक करता येईल : करारावर सही करण्यापूर्वी एक कलम घालून घ्यावे, की प्रत्येक भेटीची संपूर्ण नोंद सोसायटीला मिळेल आणि करार संपताना सगळा इतिहास हाती येईल. मेकॅनिक आला की त्याला आधी चहा द्यावा, मग विचारावे, ‘मागच्या वेळी काय निघालं होतं?’ आणि लिफ्ट दोनचार वेळा खालीवर करून पाहिल्याशिवाय त्याच्या मोबाइलसाठी आपला ओटीपी सांगू नये. ती चार आकड्यांची संख्या म्हणजे आपली सही आहे; आणि सही करण्यापूर्वी वाचावे, हे बँकेत आम्ही प्रत्येक खातेदाराला सांगत आलो.